खाचेजवळचा तुकडा

१

साठवण खोलीच्या दारात पाच-सहा माणसं पांढऱ्या सुटात उभी होती आणि आत पाय टाकायला कुणी तयार नव्हतं. फरशीवर सिलिकॉनच्या चकत्यांचे तुकडे पसरले होते. आरशासारखे चकचकीत, काही तळहाताएवढे, काही नखाएवढे. मधोमध पेटी उपडी पडली होती आणि वरच्या कपाटाचं दार सताड उघडं होतं.

चिपच्या कारखान्यात या चकत्यांना वेफर म्हणतात. बाहेरच्या माणसाला त्यावरून खायचे वेफर आठवतात, आणि त्या सकाळी फरशीकडे बघून तसं आठवणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण कुणाला हसू आलं नाही. ती पेटी साधी नव्हती.

गेले कित्येक महिने कारखान्यात एकच विषय होता. दोन लाइनींपैकी एक बंद होणार. कुठली, ते कुणी सांगत नव्हतं. कपातीची पहिली फेरी होऊन गेली होती. गेलेल्यांच्या खुर्च्या जागच्या जागी होत्या आणि उरलेले त्यांच्याकडे न बघता ये-जा करायला शिकले होते. जुन्या लाइनला मात्र एक आशा होती. एका मोठ्या ग्राहकाने नमुन्यादाखल चकत्यांचा एक लॉट मागवला होता. तो पास झाला की पुढच्या काही वर्षांच्या कामाची ददात मिटणार होती. आज दुपारी ती पेटी रवाना व्हायची होती.

"काल संध्याकाळी मीच कपाटात ठेवली," दारातला एक तरुण ऑपरेटर म्हणाला. त्याचा आवाज मास्कमधून जेमतेम ऐकू येत होता. "नीट ठेवली होती. कडी सैल आहे म्हणून हाताने दाबून बघितलं होतं."

त्याच्याशेजारी उभी असलेली बाई फरशीवरचे तुकडे न्याहाळत होती. ती त्याची वहिनी होती.

कारखान्यात तिला सगळे डॉक्टरीण म्हणत. बंद पडलेली चिप उघडून ती कशाने मेली हे शोधून काढणं हे तिचं काम. तिने कुणालाही झाडू आणू दिला नाही. स्वतः गुडघ्यांवर बसून चिमट्याने एकेक तुकडा उचलला, पिशव्यांत भरला आणि पिशव्या सील केल्या. तेवढ्यात निरोप आला की मॅनेजरसाहेबांनी बोलावलंय.

साहेबांनी तिला बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"ग्राहकाशी बोललो. अपघात असेल तर ते महिनाभर थांबतील. आपण नवा लॉट करून देऊ शकतो. पण कुणी मुद्दाम केलं असेल तर विषय संपला. ज्यांची माणसं स्वतःच माल फोडतात त्यांच्याकडून ते माल घेणार नाहीत."

"म्हणजे तुम्हाला अपघात हवाय."

"मला अहवाल हवाय. उद्या दुपारपर्यंत. कडी सैल होती, पेटी ठेवणाऱ्याने निष्काळजीपणा केला, एवढं पुरेल."

"ठेवणारा माझा दीर आहे."

"माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणूनच तुम्हाला देतोय. तुम्ही लिहिलंत तर कुणी शंका घेणार नाही."

त्यांच्या टेबलावर गेटचं एक कार्ड पडलं होतं. त्यावरचा फोटो तिच्या दिराचा होता.

२

प्रयोगशाळेत तिने मोठ्या टेबलावर काळं कापड अंथरलं आणि तुकडे जुळवायला घेतले.

काम कंटाळवाणं होतं, पण कठीण नव्हतं. प्रत्येक चकतीवर चौकोनी चिपची जाळी छापलेली असते. जाळीच्या रेषा जुळल्या की तुकडा आपल्या जागी बसतो. दुपारपर्यंत पाच चकत्या बऱ्यापैकी उभ्या राहिल्या. लॉट तोच दिसत होता. तीच जाळी, तीच रंगाची झाक.

पहिल्या चकतीत काठाजवळ एक भोक राहिलं. एखादा तुकडा कपाटाखाली गेला असेल, असं तिला वाटलं. दुसऱ्या चकतीतही काठाजवळच भोक राहिलं. तिसरी जुळवताना तिचा हात मंदावला. चौथीच्या वेळी तिने आधी काठ जुळवला.

पाचही चकत्यांत एकाच जागचा तुकडा नव्हता.

प्रत्येक चकतीच्या काठाला एक लहानशी खाच असते. यंत्राला चकती कुठल्या बाजूने धरायची ते त्या खाचेवरून कळतं. आणि खाचेच्या शेजारी, डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्या अक्षरांत, त्या चकतीचा नंबर लेसरने कोरलेला असतो. तो चकतीचा जन्मदाखला. फरशीवर पडून फुटलेली चकती कुठेही फुटते. पाच चकत्या पडल्या आणि पाचांचाही नेमका जन्मदाखलाच हरवला, असं होत नाही.

कुणीतरी ते तुकडे वेचून नेले होते.

हा अपघात नव्हता, एवढं तर उघड होतं. पण ती टेबलापाशी उभी राहून वेगळाच विचार करत होती. ज्याला नुसता माल फोडायचा आहे तो फोडतो आणि निघून जातो. नंबर लपवायची गरज कुणाला? फुटलेल्या चकत्या कुठल्या, हे कळू द्यायचं नाही त्याला.

म्हणजे समोर पडलेला लॉट हा नमुन्याचा लॉट नव्हताच.

३

क्लीन रूममध्ये, म्हणजे धुळीचा कणही चालत नाही अशा उत्पादनाच्या दालनात, कॅमेरे होते, पण साठवण खोलीत नव्हता. बाहेरच्या बोळातल्या कॅमेऱ्यात दिराने पेटी ठेवल्यानंतर तीन माणसं दिसली. जुन्या लाइनचे प्रमुख, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण अर्धा कारखाना त्यांच्या हाताखाली शिकला होता. चकत्यांवरच्या थरांची जाडी मोजणारी मायक्रॉन मावशी. आणि नव्या लाइनचे प्रमुख.

यातल्या तिसऱ्या माणसाचं तिथे काहीच काम नव्हतं. कारखान्यात एवढे एकच गृहस्थ रोज टाय लावून येत, म्हणून त्यांचं नाव टायवाले. जुनी लाइन बुडाली तर यांचीच चांदी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"पाण्याची बाटली विसरलो होतो," ते म्हणाले. "ती घ्यायला गेलो."

"क्लीन रूममध्ये?"

क्लीन रूममध्ये पाण्याची बाटली सोडाच, साधी पेन्सिलही नेता येत नाही. त्यांनी टायची गाठ सैल केली.

"हे बाहेर जाणार नाही ना?"

"ते तुम्ही काय सांगता त्यावर आहे."

"नवी लाइन बंद होतेय," ते हळूच म्हणाले. "वरूनच कळलंय. नमुना पास झाला तर जुनी राहील, नवी जाईल. नापास झाला तर दोन्ही जातील, सगळा कारखाना जाईल. हे माझ्या माणसांना माहीत नाही. घरीसुद्धा माहीत नाही. मी मास्तरांकडे गेलो होतो, तुमच्याकडे माझी कुठे सोय होईल का, हे विचारायला. ज्या माणसाला मी मीटिंगमध्ये म्हातारा म्हणायचो, त्याच्याकडे."

"काय म्हणाले ते?"

"ऐकूनच घेतलं नाही. भट्टीच्या पॅनेलपाशी उभे होते. नंतर बोलू म्हणाले. मी परत आलो." ते जरा थांबले. "तो लॉट पास व्हावा म्हणून मी किती बेचैन आहे, तुम्हाला कल्पना नाही."

तिने विश्वास ठेवला. एवढी लाजिरवाणी गोष्ट माणूस खोटी रचत नाही.

मायक्रॉन मावशी मात्र तिच्याकडे बघायलाच तयार नव्हत्या. आपल्या मीटरची काच त्या पुसत होत्या, आणि काच आधीच स्वच्छ होती.

"लॉटची शेवटची मोजणी तुम्हीच केलीत ना, मावशी?"

"हो."

"रीडिंग कसं होतं?"

"होतं की. ठीक होतं." मावशींनी फडका उलटा केला. "तुझ्या दिराला काढणार म्हणे?"

"तसं दिसतंय."

मावशींचा हात थांबला. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागून पाळीची माणसं आली आणि त्या पुन्हा काच पुसायला लागल्या.

४

घरी दीर आणि धाकटी जाऊ दोघंही तिची वाट बघत बसले होते. तिचा नवरा कामानिमित्त परगावी होता आणि दर थोड्या वेळाने त्याचा फोन येत होता. तिने तो उचलला नाही.

"ताई, एक विचारू?" जाऊ म्हणाली. "उद्या तुम्ही निष्काळजीपणा लिहिलात तर यांची नोकरी जाणार. मुद्दाम केलंय असं लिहिलंत तर लाइन जाणार आणि तरीही यांची नोकरी जाणार. मग तुम्ही चौकशी कसली करताय?"

"अगं, तिला कशाला," दीर म्हणाला.

"का नाही? साहेबांनी यांच्याच वहिनीच्या हातात सुरी दिलीय. कुणीतरी बोलायला नको?"

डॉक्टरीणबाईने दिराला कालची संध्याकाळ पहिल्यापासून सांगायला लावली. तो कंटाळला होता, पण सांगत गेला. पेटी घेतली, झाकण तपासलं, भट्ट्यांच्या बोळातून साठवण खोलीकडे गेला, कपाट उघडलं.

"कुणी भेटलं वाटेत?"

"नाही. आणि थांबलोही नाही कुठे. त्या बोळात सुटाच्या आत घामाने भिजलो होतो, कधी एकदा बाहेर पडतो असं झालं होतं."

"घाम?"

"भट्टी तापत होती ना. तिसऱ्या नंबरची."

तिने हातातला कप खाली ठेवला. जुन्या लाइनला सध्या दुसरं काम नव्हतं. वीज वाचवायची म्हणून चकत्यांवर थर चढवणाऱ्या भट्ट्या मंद ठेवल्या होत्या, आणि मंद भट्टी पूर्ण तापायला अख्खी पाळी जाते. नमुन्याचा लॉट तर भट्टीतून केव्हाच बाहेर आला होता. मग काल संध्याकाळी तिसरी भट्टी कशासाठी तापत होती?

नव्या लॉटसाठी. पण नवा लॉट करावा लागणार, हे कळलं आज सकाळी, पेटी फुटलेली दिसल्यावर.

काल संध्याकाळीच ते एका माणसाला ठाऊक होतं. आणि भट्टी तापवायचा हुकूम त्या लाइनमध्ये एकच माणूस देऊ शकत होता.

५

सकाळी ती सरळ नापास मालाच्या खोलीत गेली. चाचणीत नापास झालेले लॉट भंगारात जाईपर्यंत तिथे पडून असत. नमुन्याच्या लॉटसारखीच जाळी असलेला आणखी एक लॉट दोन महिन्यांपूर्वी नापास झाला होता, हे तिला आठवत होतं. तो तिनेच तपासला होता.

फरशीवर फुटलेल्या चकत्या त्या नापास लॉटच्या असतील तर त्याची पेटी रिकामी असायला हवी. आणि रिकामी पेटी कुणाच्याही नजरेत भरली असती. चोर शहाणा असेल तर त्याने ती रिकामी ठेवली नसती.

तिने पेटी उचलली. जड होती. झाकण उघडून पहिली चकती उजेडात तिरकी धरली आणि खाचेजवळचा नंबर वाचला.

नमुन्याचा लॉट शाबूत होता. एकाही चकतीला ओरखडा नव्हता.

आता फक्त एक प्रश्न उरला होता, लॉट लपवला कशासाठी, आणि त्याचं उत्तर मावशींकडे होतं. या वेळी डॉक्टरीणबाईने त्यांना मीटरपासून लांब, कपडे बदलायच्या खोलीत गाठलं.

"मावशी, लॉट सापडला. आता सांगा, रीडिंग काय होतं?"

मावशी बाकावर बसल्या. "पातळ," त्या म्हणाल्या. "थर पातळ आला होता. सगळ्या चकत्यांवर. ग्राहकाच्या चाचणीत हमखास नापास झाला असता. मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, सकाळपर्यंत कुणाला बोलू नकोस, मी बघतो. सकाळी बघते तर हे. मी काही विचारलं नाही गं. आमच्या घरात मी एकटी कमावती आहे."

"मीटर मात्र ठीक आहे ना?"

"ठीकच असणार. मीटर तपासायला यायचा तो माणूस पहिल्या फेरीत गेला. तेव्हापासून तपासलेला नाही. पण चालतोय की."

डॉक्टरीणबाई उठली. प्रयोगशाळेत येऊन तिने त्या लॉटमधली एक चकती घेतली, काटकोनात चिरली आणि तिचा छेद मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तिथे अंदाज नव्हता आणि मीटरही नव्हता. थर समोर उघडा दिसत होता, वरपासून खालपर्यंत, आणि पट्टी लावून मोजता येत होता.

तिने मोजला. दुसऱ्या जागी मोजला. मग छेदाचा फोटो छापून घेतला.

६

कँटीन रिकामं होतं. मास्तर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. ती समोर बसली तसे म्हणाले, "बोल पोरी. तू येणार हे मला वाटलंच होतं."

तिने सगळं सांगितलं. हरवलेले नंबर, तापलेली भट्टी, नापास मालाची जड पेटी. "खऱ्या चकत्या फोडल्या असत्या तर तुकडे माझ्याकडेच आले असते. मी थर बघितला असता आणि लॉट नापास आहे हे उघड झालं असतं. मग महिनाभराची मुदत कोण देतं? म्हणून तुम्ही जुना लॉट फोडलात. त्याचा थर ठीक होता, दोष वेगळाच होता. तोही मी ओळखू नये म्हणून नंबर काढून घेतलेत. अपघात, नवा लॉट, आणि या वेळी नीट."

"पुढचं?"

"खऱ्या चकत्या दुसऱ्या लॉटच्या पेटीत ठेवल्यात. टाकून का नाही दिल्या?"

"भंगाराबरोबर जाणारच होत्या," मास्तर म्हणाले. "माझ्या हाताने होईना." त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. आतून काचेसारखा किणकिणाट झाला. "माझ्या लाइनवर किती घरं चालतात, तुला ठाऊक आहे. कडी सैल होती. कुणाच्याच माथी येणार नाही असं वाटलं."

"काल सकाळीच आलं. त्याचं कार्ड काढून घेतलं तेव्हा तुम्ही तिथेच होतात."

मास्तरांनी पुरचुंडीची गाठ घट्ट केली.

"तो तुमच्याच हाताखाली शिकला."

"मी हिशेब केला," ते शेवटी म्हणाले. "एक माणूस की सगळी लाइन. वरचे करतात तोच हिशेब मी केला. इतकी वर्षं त्यांना शिव्या दिल्या आणि वेळ आल्यावर मीही तेच केलं."

तिला त्यांची कीव आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदमच. तिने छेदाचा फोटो त्यांच्यासमोर सरकवला.

"मास्तर, लॉट चांगला आहे."

त्यांना ते समजलं नाही.

"थर पूर्ण आहे. जेवढा हवा तेवढा. मीटर चुकतोय. तो तपासणारा माणूस काढून टाकला, तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. माझ्याकडे एक चकती पाठवली असतीत तर तासाभरात कळलं असतं. पण लॉट नापास आहे म्हणायलाच तुम्ही घाबरलात, आणि मावशीही घाबरल्या."

मास्तरांनी फोटो उचलला, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेला. त्यांना तो वाचता येत होता. वाचायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी फोटो खाली ठेवून त्यावर तळवा दाबून धरला.

"चल," ते म्हणाले. "साहेबांकडे. मीच सांगतो."

७

डॉक्टरीणबाईने अहवालात सगळं लिहिलं. साहेबांनी ग्राहकाला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं वाचून दाखवलं: फुटलेल्या चकत्या नमुन्याच्या लॉटच्या नाहीत. ते खरंच होतं. पेटी एक दिवस उशिरा गेली आणि लॉट पास झाला.

दिराचं कार्ड त्याच संध्याकाळी परत मिळालं. मास्तरांचं कार्ड त्याच संध्याकाळी घेतलं गेलं. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. त्यांना दोन माणसांनी गेटपर्यंत पोचवलं आणि आतल्या पाळीला दुसऱ्या दिवशी कळलं. काही महिन्यांत नवी लाइन बंद झाली. टायवाले आणि त्यांची जवळजवळ सगळी माणसं गेली. जुन्या लाइनवरही कपात झालीच, पण लाइन राहिली. मावशी राहिल्या. मीटर तपासायला आता बाहेरून कुणीतरी येतं.

दीर मात्र त्यानंतर नीट बोलेना. कामावर जायचा, यायचा. एका रविवारी त्याने वहिनीला विचारलं, "मास्तरांचं घर माहीत आहे ना? येतेस?"

मास्तरांनी स्वतःच दार उघडलं. घरातले कपडे, दाढी वाढलेली. दिराला बघून ते बाजूला झाले, पण तो आत गेला नाही.

"भांडायला आलोय असं समजू नका," तो म्हणाला. "एकच सांगायचं होतं. लॉट नापास आहे आणि पेटी पडली तर महिना मिळतो, हे मला सांगितलं असतंत, तर मीच पाडली असती. माझ्या हातून पडली म्हणून सांगितलं असतं. नोकरी गेली असती तरी चाललं असतं."

"माहीत आहे," मास्तर म्हणाले.

"मग?"

"म्हणूनच नाही विचारलं. तू हो म्हणाला असतास."

दीर उंबऱ्याबाहेर तसाच उभा राहिला. वहिनीला वाटलं, आता हा वळून जिना उतरणार.

"पण विचारायला हवं होतंत," तो म्हणाला. मास्तरांनी मान हलवली. मग त्याने चपला काढल्या आणि तो आत गेला.